एकवीस दिवसांत गोव्याहून उमलिंग ला: आधी रात्री मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाहून चौघे मित्र मोटारसायकलींवर निघणार, दोन क्लासिक ३५०, एक हिमालयन ४११ आणि एक जुनी कार्ब्युरेटरची बुलेट. सुटी एकवीस दिवसांची. पाचव्या दिवशी मनाली, सातव्या दिवशी लेह, नवव्या दिवशी पूर्व लडाखमधली उमलिंग ला ही खिंड, मग श्रीनगरमार्गे घरापर्यंत गाडी चालवतच परत. चौघांतल्या एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलेत, "गाड्या चढतील का?"

गाड्या चढतील. पण तुमचा आराखडा वाचून मला काळजी वाटली ती गाड्यांची नव्हे. मी फोंड्याला गॅरेज चालवतो आणि गोव्यातून लडाखला जाणाऱ्या गटांबरोबर गाडी घेऊन जातो. गाडी बिघडली म्हणून मोहीम अर्ध्यावर सोडलेले फार थोडे पाहिले. डोके धरून, उलट्या करत, टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवे होऊन खाली उतरलेले पुष्कळ पाहिले. त्यातले बहुतेक तरुण, धडधाकट आणि तुमच्यासारखाच आराखडा घेऊन निघालेले. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो. आयुष्य समुद्राकाठी गेलेल्या शरीराला १९,००० फुटांची तयारी करायला या एकवीस दिवसांतले किती दिवस मिळणार? तुमच्या आराखड्यात ते जवळजवळ मिळतच नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोणाला उंची बाधेल आणि कोणाला नाही, हे घरी बसून कोणीही सांगू शकत नाही. रोज मैदानावर धावणारा लेहमध्ये पहिल्याच रात्री आडवा होतो आणि पोट सुटलेला त्याचा काका मजेत फिरतो. दमछाक न होणे वेगळे आणि विरळ हवेची सवय होणे वेगळे. तुमच्यापैकी कोणी आधी साडेतीन-चार हजार मीटरवर राहून आला असेल आणि त्याला तेव्हा त्रास झाला असेल, तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, एवढे म्हणता येते. त्यामुळे खाली जे सांगतो तो सगळ्यांत सशक्त माणसाचा हिशेब नाही. चौघांत ज्याला सर्वांत उशिरा सवय होते, त्याचा आहे.

आता ही उंची म्हणजे नेमके काय ते बघू. पूर्व लडाखमध्ये सीमा रस्ते संघटनेने चिसुमले ते डेमचोक असा ५२ किलोमीटरचा रस्ता बांधला. त्यावरची उमलिंग ला ही खिंड १९,०२४ फुटांवर, म्हणजे सुमारे ५,८०० मीटरवर आहे. २०२१ मध्ये जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता म्हणून गिनेसने तिची नोंद केली. आता त्याच भागात मिग ला या खिंडीपर्यंत, १९,४०० फुटांवर, रस्ता गेला आहे. विक्रमांच्या पाट्या बदलत राहतात. खारदुंग लाच्या पाटीवर तर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते, प्रत्यक्षात ती खिंड १७,५८२ फुटांची आहे. तुमच्या फुप्फुसांना पाटीशी देणेघेणे नाही. त्यांना कळतो हवेचा दाब. प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, पण लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश उरतो आणि उमलिंग लावर निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायूही निम्मा.

शरीर याला उत्तर देते ते आधी श्वास वाढवून. पण श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. मूत्रपिंडे हळूहळू ते संतुलन साधतात, तेव्हा कुठे लगाम सुटतो. या कामाला दिवस लागतात, तास नव्हे. तुम्ही कितीही जिद्दीचे असा, मूत्रपिंडांना घाई करता येत नाही. लेहला दोन दिवस नुसते बसून काय करायचे, असे जेव्हा गटातला एखादा विचारतो, तेव्हा मी त्याला हेच सांगतो की तू बसलास तरी तुझे शरीर काम करतेय.

यावरून जो नियम निघतो तो असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर थांबावे. दिवसा खिंड चढून उतरलात तर फारसे बिघडत नाही. रात्र कुठे काढता ते महत्त्वाचे, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू आणखी खाली जातो. लष्कर आपल्या जवानांना ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर आणखी चार आणि त्याहून वर पुन्हा चार दिवस देते. ते तरणेताठे, तपासलेले जवान. आपण म्हापशाच्या बाजारातून थेट निघालेलो.

आणि गोव्यात या उंचीचा सराव होऊच शकत नाही. आपला सर्वांत उंच डोंगरसुद्धा बाराशे मीटरच्या आत. चोर्ला घाट चढलात तरी आठशे मीटरच्या आसपास. चोर्ल्याला जरूर जा, पण वेगळ्या सरावासाठी: सामान बांधलेली गाडी पावसात, दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर कमीत कमी भार टाकून उतरवायची. तो सराव वर फार उपयोगी पडतो.

आता मार्गाकडे येतो, कारण तुमच्या आराखड्यातला सर्वांत मोठा धोका तिथे आहे. तुम्ही जाताना मनाली घेतली आहे. मनाली साधारण २,०५० मीटर. पूर्वी रोहतांग ओलांडण्यात दिवस जायचा आणि माणूस नाइलाजाने केलाँग-जिस्पाला मुक्काम करायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रस्ता सोपा झाला. आता सकाळी मनालीहून निघालेला गट दुपारी उशिरा सरचूला पोचतो. सरचू ४,२०० मीटरच्या वर. म्हणजे एका दिवसात झोपण्याची जागा दोन हजार मीटरहून जास्त वर गेली. बोगद्याने वेळ वाचवला, तोच शरीराला महाग पडतो.

त्याहून वाईट म्हणजे सरचूहून खाली पळायला वाट नाही. उंची बाधली तर एकच खरे औषध असते, खाली उतरणे. पण सरचूच्या एका बाजूला बारालाचा ला, ४,८९० मीटर. दुसऱ्या बाजूला नकी ला, मग ५,०५९ मीटरची लाचुंग ला, पुढे पांग, आणि त्यापुढे ५,३२८ मीटरची तागलांग ला. कुठेही उतरायचे तर आधी चढावे लागते. एकदा सरचूत आमच्या शेजारच्या तंबूत दक्षिणेकडून आलेला एक तरुण होता. संध्याकाळी त्याचे डोके दुखत होते, त्याने गोळी घेतली आणि जेवण नको म्हणून झोपला. रात्री त्याचा मित्र बॅटरी घेऊन आमच्याकडे आला. बाहेर काढून त्याला सरळ रेषेत, पावलाला पाऊल लावून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो डाव्या बाजूला झुकला आणि मित्राचा खांदा धरून उभा राहिला. बोलत होता नीट, "मी ठीक आहे" म्हणत होता. तंबूवाल्याची जीप काढून त्याला त्याच रात्री बारालाचा ओलांडून केलाँगच्या इस्पितळात नेले. तो वाचला. पण खाली न्यायच्या माणसाला आधी सहाशे मीटर वर न्यावे लागले, आणि ते अंतर कापताना गाडीत कोणी एक शब्द बोलत नव्हते.

म्हणून जाताना श्रीनगर घ्या आणि येताना मनाली. श्रीनगर १,५८५ मीटर. तिथून झोजी ला ३,५२८ मीटरची, पण ती ओलांडून तुम्ही द्रासवरून कारगिलला उतरता, झोप २,६७६ मीटरवर. दुसऱ्या दिवशी फोटू ला ४,१०८ मीटरवर जाऊन रात्री लेहला, साडेतीन हजारांवर. कारगिलहून लेहची उडी पाचशेपेक्षा मोठीच आहे, म्हणून लेहला तीन रात्री काढायच्या. पण ही वाट शरीराला पायरीपायरीने नेते, आणि कारगिलला एखाद्याचे डोके दुखू लागले तर त्याला खाली आणणे सोपे असते. येताना सरचू आले तरी तोवर तुम्ही साधारण तेवढ्याच उंचीवर झोपून आलेले असता.

मग दिवस आणायचे कुठून? इथे तुम्हाला माझे म्हणणे आवडणार नाही. मैदानातले दिवस कापा. गोव्याहून दिल्ली जवळपास दोन हजार किलोमीटर. ते चार दिवसांत जून-सप्टेंबरच्या उकाड्यात आणि पावसात कापलेला माणूस डोंगराच्या पायथ्याशी पोचतो तेव्हा झोप अपुरी, पाणी कमी प्यालेले, पाठ मोडलेली. आणि वाटेत एक दिवस जरी गेला तरी तो भरून काढला जातो लेहच्या विश्रांतीतून. हे मी दरवेळी बघतो. घरच्या दारातून गाडी काढून थेट खिंडीवर न्यायची, गोव्याची पाटी तिथे उभी करायची, ही हौस मी समजू शकतो. मलाही आहे. पण एकवीस दिवसांत दोन्ही बसत नाही. मडगावहून चंदीगडला थेट संपर्कक्रांती आहे. गाड्या पार्सलने पुढे पाठवा, तुम्ही मागून जा.

तसे केले तर हिशेब असा बसतो. तिसऱ्या दिवशी चंदीगडला गाड्या ताब्यात. चौथा मुक्काम जम्मू, पाचवा श्रीनगर, सहावा कारगिल, सातवा लेह. आठवा आणि नववा दिवस लेहलाच: पहिला पूर्ण आराम, दुसऱ्या दिवशी बाजार, परवाने, गाडीची तपासणी. दहाव्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रातल्या हुंडरला. हुंडर लेहपेक्षा खाली आहे, म्हणजे शरीराला खिंडीची ओळख होते आणि झोप स्वस्तात मिळते. अकरावा परत लेह. बारावा सिंधूच्या काठाने चुमाथांग, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, चार हजारांच्या आसपास. तेरावा हानले, सव्वाचार हजारांच्या वर. चौदावा हानलेतच, वेधशाळा बघा, रात्री आकाश बघा. पंधराव्या दिवशी उमलिंग ला आणि त्याच दिवशी परत हानले. मग लेह, जिस्पा, मनाली, चंदीगड आणि रेल्वे. पँगाँग यात नाही, हे मी मुद्दाम केले आहे. तो वळसा घालायला गेलात तर हानलेचा थांबण्याचा दिवस जातो, आणि तोच दिवस या सगळ्याचा कणा आहे.

यात एकही दिवस शिल्लक नाही, हेही खरे. दरड कोसळून एक-दोन दिवस गेले तर नुब्रा सोडा. तेही पुरले नाही तर उमलिंग ला सोडा आणि हानलेहून परत फिरा. पण लेहच्या आणि हानलेच्या विश्रांतीला हात लावू नका. सुटी एकवीसची पंचवीस झाली, तर येताना चंदीगडहून घरापर्यंत खुशाल चालवत या. परतीच्या थकव्याने उंची बाधत नाही.

आता तब्येतीचे. मी डॉक्टर नाही, आणि ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे त्याने निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना हा सगळा मार्ग उंचीसकट दाखवावा. सुरुवातीच्या दिवसांत वर रक्तदाब वाढू शकतो, आणि गोळी लघवी वाढवणारी असेल तर डायमॉक्सबरोबर तिचे काय करायचे, हे त्यांनीच ठरवायचे. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांचे ते काम लवकर उरकायला मदत करते. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याची चव बिघडते, याने घाबरू नका. पण ही गोळी घेतली म्हणून विश्रांतीचे दिवस कापता येत नाहीत.

लक्षणे सगळ्यांना पाठ पाहिजेत. डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसे होणे, विचित्र थकवा: ही सुरुवात. अशी संध्याकाळ आली तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी वर जायचे नाही. बरे वाटले तरच पुढे, वाढले तर खाली. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, विनाकारण चिडचिड किंवा गप्प होणे म्हणजे मेंदूला सूज येऊ लागली. बसल्या जागी धाप, सुका खोकला, छातीत घरघर म्हणजे फुप्फुसात पाणी, आणि हे बहुधा वर पोचल्यानंतरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री येते, सगळे सुरळीत चालले असे वाटत असताना. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते. लेहला सोनम नोरबू इस्पितळाला अशा रुग्णांची सवय आहे. त्यापलीकडे मुक्काम असेल तिथे रात्री खाली नेणारी गाडी कोणाची आहे, हे अंधार पडण्यापूर्वी विचारून ठेवा.

रोज संध्याकाळी मी सगळ्यांना अंगणात एका रेषेवर टाच-बोट लावून चालायला लावतो. पहिल्या दिवशी हसतात. हानलेला पोचेपर्यंत आपणहून करतात. ऑक्सिमीटर बाळगा, पण एका आकड्याने घाबरू नका की निश्चिंत होऊ नका. लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० दिसणे नवल नाही. हात गरम असताना, बसून, रोज त्याच वेळी मोजा. आकडा दिवसागणिक वर येतोय की खाली जातोय, आणि माणूस कसा दिसतोय, हे दोन्ही मिळून बघायचे. रात्री शेजारी झोपलेल्याचा श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम मोठा श्वास येतो, असे झाले तर दचकू नका, त्या उंचीवर हे नेहमीचे आहे. बाजारात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर कोणाला वर ठेवू नका.

दारू लेहच्या पहिल्या रात्रीपासून हानलेहून परत येईपर्यंत पूर्ण बंद. आपल्याकडे चार मित्र जमले की बाटली आलीच, पण ती झोपेतला श्वास मंदावते. झोपेच्या गोळ्यांचेही तेच. आणि जेवा. आपल्याला मासळी नाही म्हणून जेवण जात नाही, ही गोव्याच्या गटांची नेहमीची रड. थुक्पा, म्हणजे नूडल्सचे गरम सूप घ्या, भात-डाळ घ्या. वर मांस-तळणापेक्षा पिठूळ अन्न सोसते. आजारपणात घरी पेज लागते तसा तिथे थुक्पा लागतो.

गाड्यांकडे वळतो. साधारण हजार फुटांना तीन टक्के या हिशेबाने इंजिनाची ताकद घटते. उमलिंग लावर ती जवळजवळ निम्मी. वीस अश्वशक्तीची क्लासिक तिथे दहाची होते. पहिल्या गिअरमध्ये, सामान कमी, मागे कोणी नाही, तर ती निमूट चढते. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांचे सेन्सर हवेचा दाब ओळखून पेट्रोल कमी करतात, तुम्हाला काही करावे लागत नाही. तुमच्या कार्ब्युरेटरच्या बुलेटला हे कळत नाही. हवा विरळ, पेट्रोल तेवढेच, म्हणून ती काळा धूर सोडेल, प्लग काजळेल, आयडलला बंद पडेल. एक नंबर लहान मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारे बारीक भोक असलेला भाग, सोबत ठेवा, लेहला घाला, परत आल्यावर जुना लावा. दोन जादा प्लग ठेवा. एअर फिल्टर काढून चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, चिसुमलेपुढची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल.

सर्वांत जास्त मरतो तो क्लच. ताकद कमी म्हणून माणूस अर्धा क्लच दाबून एंजिन घोंघावत ठेवतो, आणि दोन वळणांत प्लेटी जळल्याचा वास येतो. क्लच पूर्ण सोडा, गाडी चालण्याच्या वेगाने चढू द्या. क्लासिक आणि बुलेटला पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, एक दात लहान घातले तर हे सोपे होते. जादा क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि ट्यूब प्रत्येक प्रकारच्या गाडीची ठेवा.

किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी दोन गोष्टी मी आवर्जून बघतो, कारण त्या दिल्ली-चंदीगडच्या मेस्त्रीच्या ध्यानात येत नाहीत. एक, वायरिंगचे कनेक्टर. हेडलाइटच्या आतला गुच्छा उघडला की आपल्याकडच्या गाडीत पिनांवर हिरवी बुरशी दिसते. ती खारट हवेची. इथे चालते, पण खडबडीत रस्त्यावर तीनशे किलोमीटर हादरे बसले की तीच पिन संपर्क सोडते आणि गाडी उगाच बंद पडल्यासारखी वाटते. प्रत्येक कनेक्टर उघडून साफ करा, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. दुसरे, ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्या हवेत ओलावा किती ते मी सांगायला नको. ओलावा शिरलेले तेल कमी तापमानाला उकळते. तागलांग लाहून खाली येताना लिव्हर हातात मऊ लागला तर समजा तेलात वाफ झाली. निघण्यापूर्वी डबी फोडून ताजे तेल भरा, आणि उतार गिअरवर उतरा.

टायरमधली हवा रोज सकाळी, टायर थंड असताना बघा. श्रीनगरला ३० भरली तर त्याच तापमानाला उमलिंग लावर काटा ३४-३५ दाखवेल, कारण बाहेरचा दाब कमी. थंडीने त्यातले बरेच उतरते, पण दुपारच्या उन्हात पुन्हा चढते. पेट्रोलचा कॅनही असाच फुगतो. हानलेत मी तो सावलीत, तापलेल्या सायलेन्सरपासून लांब ठेवून, झाकण पाव फेरा फिरवतो आणि फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबतो, मगच उघडतो. लेहजवळच्या कारूला टाकी आणि कॅन भरा. तिथून हानले, उमलिंग ला आणि परत कारू हे साधारण सहाशे किलोमीटर, मध्ये पंप गृहीत धरू नका. वर मायलेजही घटते. क्लासिकला टाकीशिवाय आठ-दहा लिटर जादा लागेल. येताना कारू ते केलाँगजवळचे टांडी या टप्प्यालाही हेच.

खिंडीच्या दिवशी हानलेहून ऊन आल्यावर निघा, पहाटे नको. बोटे बधिर असताना क्लच-ब्रेक नीट दबत नाहीत. वाटेत फोटी ला लागते, १८,००० फुटांच्या वर. तिथे सगळ्यांनी थांबायचे, हेल्मेट काढायचे, रेषेवर चालून दाखवायचे आणि शंभरातून सात-सात वजा करत पाच आकडे म्हणायचे. उंचीने सर्वांत आधी जाते ती अक्कल, आणि ती गेल्याचे ज्याचे त्याला कळत नाही. जो अडखळेल तो एका सोबत्यासह तिथूनच परत. यावर वर उभे राहून वाद घालायचा नाही, म्हणून हे म्हापशातच चौघांनी ठरवून घ्या, आणि कोण बरोबर परतेल तेही. खिंडीवर वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. फोटो काढा, पाणी प्या, उतरा.

कागदपत्रांचे थोडक्यात. नुब्रा आणि हानलेच्या बाजूला इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जाण्याचा परवाना लागतो, लेह प्रशासनाकडून ऑनलाइन मिळतो, चार-पाच प्रती काढून ठेवा. गाडी ज्याच्या नावावर तोच चालवत असेल तर उत्तम. भाड्याची गाडी गोव्याहून मुळीच नेऊ नका, लेहचे स्थानिक गाडीवाले बाहेरच्या भाड्याच्या गाड्या अडवतात. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड पाहिजे.

आणि कधी जायचे? जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूचे नाले दुपारनंतर बर्फाच्या पाण्याने फुगतात आणि हिमाचलात दरडी कोसळतात. जूनमध्ये जा किंवा सप्टेंबरमध्ये. गोव्याचा माणूस चवथीला घराबाहेर राहणार नाही आणि राहूही नये. चवथ सप्टेंबरच्या मध्यात आली तर ती करून लगेच निघा, आकाश स्वच्छ असते, पण हानलेत रात्री पाणी गोठेल इतकी थंडी धरून कपडे घ्या. जूनमध्ये जायचे असेल तर पार्सलची व्यवस्था मे महिन्यातच करा. मडगावला टाकी पूर्ण रिकामी करून, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती देऊन गाडी पॅक होते, आणि ती तुमच्याच रेल्वेने पोचेल याची हमी नसते. म्हणून चार-पाच दिवस आधी पाठवा. बुलेट पाठवण्यापूर्वी एकदा फोंड्याला घेऊन या, जेट आणि कनेक्टर मी बघून देतो.